निदान झालंय ना, मग तसं दिसा!

अभिनंदन! चाळिशीला टेकल्यावर का होईना, तुम्हाला ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. पण डॉक्टरांच्या कागदावर हुरळून जाऊ नका. खरा निकाल नातेवाईक देतात.

ते तुम्हाला नखशिखान्त न्याहाळतील आणि म्हणतील, "काहीतरीच! वाटत नाहीस गं तशी." हे कौतुक आहे, आभार माना. मात्र मानताना त्यांच्या डोळ्यांत बघितलंत तर "ही बघ, नजर देतेस की नीट!" आणि नाही बघितलंत तर "आता मुद्दाम करायला लागली." दोन सेकंद डोळे, मग भुवया, मग पुन्हा डोळे, हा हिशेब तुम्ही शाळेपासून मनातल्या मनात करताय. तो कुणाला कधी ऐकू आला नाही, हीच तुमची चूक. इतकं बेमालूम नाटक वठवायला सांगितलं होतं कुणी? (सांगितलं होतं. सगळ्यांनीच. पण ते आता काढू नका.)

इतिहासाकडेही दाद मागू नका. १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या अकरा मुलांची वर्णनं छापली, त्यांत मुली तीन. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चार मुलं सविस्तर रंगवली, चारही मुलगेच. त्यांच्याआधी, १९२०च्या दशकातच, सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलग्यांवर लिहिलं होतं आणि मुलींवरही. पण त्या पडल्या बाई. ऐकायला वेळ लागतोच.

तसं २०१३च्या डीएसएम-५ या निदानाच्या पोथीत स्पष्ट म्हटलंय, की शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली लक्षणं झाकली जाऊ शकतात. हे पान कुणाला दाखवू नका. "एवढं सगळं वाचत बसतेस, म्हणूनच असं वाटतं तुला," असं ऐकावं लागेल. एकाच विषयाचं इतकं वाचणं हेही लक्षणांत मोडतं, हे तर मुळीच सांगू नका.

आधीची निदानं जपून ठेवा. कधी चिंता, कधी नैराश्य, कधी नुसतंच 'हळवा स्वभाव'. त्यांवर कुणी पुरावा मागितला नव्हता.

"थोडंफार सगळ्यांनाच असतं," असं कुणी म्हणालं, तर मान डोलवा. मग घरी या, दार लावा, कपड्यांची टोचणारी लेबलं कापा, दिवा न लावता बसा. कुणी विचारलंच, तर डोकं दुखतंय म्हणा. ते लगेच पटतं.