बाबांच्या छातीतली धूळ कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही

खूप दिवस लिहू की नको करत होते. परवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना रोडने येताना एका सिमेंट कारखान्याच्या गेटवर तो मोठा बोर्ड पुन्हा दिसला, "अपघातविरहित दिवस" आणि खाली आकडा, आणि मग राहवलं नाही.

माझे बाबा याच पट्ट्यात २३ वर्षं ठेकेदाराकडे होते. आधी चुनखडीच्या खाणीत ड्रिलवर हेल्पर, मग क्रशरला, शेवटी पॅकिंगमध्ये लोडिंगला, म्हणजे बेल्टवरून येणारी ५० किलोची बॅग छातीवर घ्यायची आणि ट्रकमध्ये थप्पी लावायची, अशा शेकडो बॅगा एका शिफ्टमध्ये. तोंडाला काय तर घरचा दुपट्टा. घामाने सिमेंट ओलं झालं की चुन्यासारखं पोळतं, बोटांच्या बेचक्यात कायम भेगा असायच्या, आई रोज रात्री खोबरेल लावून द्यायची. आम्हाला वाटायचं कामाचे हात असेच असतात.

मग खोकला सुरू झाला. थुंकीत टीबी निघाला नाही तरी टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स दोनदा झाला. दम काही कमी होईना. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी एक्सरे लाइटसमोर धरून विचारलं, "बाबा, काम काय करत होते तुम्ही?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. सिलिकोसिस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तयार सिमेंटच्या पावडरनेही खोकला-दमा लागतोच पण सिलिकोसिसचा खरा धोका दगड फोडताना, ड्रिल मारताना उडणाऱ्या धुळीत असतो. त्यातले सिलिकाचे कण इतके बारीक की डोळ्याला दिसतही नाहीत, दुपट्टा तर त्यांना अडवूच शकत नाही. ते फुफ्फुसात बसतात, तिथे व्रण पडत जातात, आणि काम सोडलं तरी आजार वाढत राहतो. बरं करणारं औषध नाही. वरून अशा माणसाला टीबी लवकर धरतो, त्यामुळे दोन्ही आजारांची गल्लत होते. ड्रिल मारताना पाणी सोडलं तर ही धूळ कितीतरी कमी होते, यात कोणतं मोठं तंत्रज्ञान नाही, पाणीच आहे फक्त! बाबा सांगतात, तपासणीला साहेब येणार असले की पाण्याचा टँकर सकाळपासून फिरायचा.

आणि कायद्यात हे नाही असंही नाही. सिलिकोसिस १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता, १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातही होता; २०२५ मध्ये या दोन्हींच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या. खाण कामगाराची ठरावीक काळाने तपासणी आणि छातीचा एक्सरे हाही नियम जुनाच आहे. पण बोट तुटलं तर त्याच दिवशी दिसतं, फुफ्फुस बहुतेक वेळा १०-१५ वर्षांनी बोलतं, तोवर ठेकेदार चार वेळा बदललेला असतो आणि नवा म्हणतो हा माझ्याकडे होताच कुठे. बोट तुटलेलंही नीट मोजलं जातं असं नाही. ४८ तासांच्या वर माणूस कामावर आला नाही तर अपघात कळवावा लागतो, म्हणून बाबांच्या सोबतच्या एका काकांना पायाला प्लास्टर असताना जीपने आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवायचे, हजेरी लागली की बोर्डावरचा आकडा पुढे. मला त्या बोर्डाचा राग याच्यासाठी येतो.

राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी धोरण केलं, प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख, मृत्यू झाला तर कुटुंबाला आणखी २ लाख. गुजरातमध्ये गोध्र्याच्या दगड दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गेले, त्यातल्या २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या असं २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं. मग आमच्या चंद्रपूर-यवतमाळच्या ठेका कामगाराने काय घोडं मारलंय?

मला फार मोठं काही नको. एक्सरे आणि तपासणीची प्रत कामगाराच्या हातात द्या, फाइलमध्ये नको. पीएफचा नंबर जसा ठेकेदार बदलला तरी माणसासोबत जातो तसा तपासणीचा रेकॉर्डही जाऊ द्या. आणि काम सोडून गेलेल्यांनाही बोलवा, कारण आजार तिथेच सापडणार आहे. ज्यांच्या घरचं कोणी आत्ता कामावर आहे त्यांनी पीएफचं पासबुक काढून ठेवा, जुने गेटपास फेकू नका, तोच आपला पुरावा.

हे लिहिलंय म्हणून बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कायले लिहितं वो, पोटबी त्यानंच भरलं ना आपलं." एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं.

बाबांच्या २३ वर्षांपैकी पासबुकात ९ दिसतात. उरलेल्या १४ साठी माझ्याकडे दोन फाटके गेटपास आहेत फक्त. त्या काळात या पट्ट्यात ड्रिलवर, क्रशरला काम केलेले कोणी असतील, किंवा तुमचे वडील, काका, मामा असतील, तर इनबॉक्स करा. साक्षीला माणसं हवी आहेत.