खुनी कोण ते बायकोला ठाऊक

रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून कोणी केला, हे मला माझ्या आतेभावाने एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं. मी त्या कादंबरीच्या जेमतेम पस्तिसाव्या पानावर होतो आणि जिलबीची वाट बघता बघता सहज बोलून गेलो, "सध्या अगाथा ख्रिस्ती वाचतोय, अ‍ॅक्रॉइडवाली." त्याने मठ्ठ्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "हां हां, त्यात तो अमका खुनी निघतो ना?" अमका नव्हे, चांगलं नाव घेतलं त्याने. १९२६ साली ज्या शेवटावरून वाचक हमरीतुमरीवर आले, तो मला मठ्ठ्यासोबत तोंडी लावायला मिळाला. वर त्याने मठ्ठा परत मागून घेतला.

तेव्हापासून मी रहस्यकथा पोरांच्या वह्यांसारख्या वर्तमानपत्राची कव्हरं घालून वाचतो. तरी लोक सोडत नाहीत. वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात कोणीतरी बटलरच्या नावाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून 'हाच!' असं लिहिलं होतं. मी पुढची दोनशे पानं त्या गरीब बटलरवर डोळा ठेवून वाचली. शेवटी तो निर्दोष निघाला आणि अखेरच्या पानावर त्याच अक्षरात 'चुकलं' असं लिहिलेलं सापडलं. निदान प्रामाणिक तरी होता.

पण खरा घात आतेभावाने केला नाही की पेन्सिलवाल्यानेही नाही. तो केला रहस्यकथांवर लिहिलेल्या पुस्तकांनी. हे माझं दुसरं व्यसन. कादंबरीपेक्षा कधीकधी हीच पुस्तकं जास्त रंगतात. १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथाकारांनी 'डिटेक्शन क्लब' काढला, चेस्टरटन पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाने शपथ घ्यायची, तीही कवटीच्या साक्षीने. कवटीचं नाव एरिक! शपथ काय, तर माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, बायकांची अंतःप्रेरणा, योगायोग असल्या गोष्टींच्या जोरावर गुन्हा उकलणार नाही. त्याच्या वर्षभर आधी रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहून ठेवल्या होत्या. पाद्रीच तो, बायबलसारख्या आज्ञा दहाच असणार. त्यातली एक अशी की गोष्टीत गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको. एक चालेल म्हणे. भाडेकराराला शोभेल असं कलम!

लेखकांना एवढं जखडून ठेवलं. पण त्यांच्यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांना 'मी शेवट फोडणार नाही' अशी शपथ एरिकसमोर कोणीच घ्यायला लावली नाही. ही मंडळी ऐन रंगात, एखाद्या गौण वाक्यात, 'जसं त्या कादंबरीत डॉक्टरची बहीणच' असं लिहून मोकळी होतात. आपण डोळे मिटेपर्यंत बहीण वाचून झालेली असते. (डॉक्टरची बहीण मी आत्ता बनवली. घाबरू नका.)

ख्रिस्तीबाईंच्या ७३ टिपणवह्या धुंडाळणारा जॉन करन त्यातल्या त्यात सभ्य. या प्रकरणात कुठल्या कादंबऱ्यांचं रहस्य फुटणार, हे तो आधीच सांगतो. तो इशारा पाळायचा तर ६६ कादंबऱ्या संपवून मगच त्याच्या पुस्तकाला हात लावायचा. मला धीर कुठला! त्या वह्यांत खुनांच्या आराखड्यांशेजारी सामानाच्या याद्या आहेत, आणि खुनी कोण करावा हे खुद्द बाईंचंच कितीदा ठरलेलं नसायचं. हे सोडून कोण बसेल?

शेवटी मी बायकोला सेन्सॉर नेमलं. अशी पुस्तकं आधी ती वाचते आणि घातक पानं टाचणीने टाचून देते. योजना उत्तम चालली. फक्त परिणाम असा झाला, की एकही कादंबरी न वाचता चाळीसेक खुनी आज तिला तोंडपाठ आहेत. "गीझरवाल्याला फोन केलात का? नाही? मग नाईल नदीवरच्या त्या बोटीत काय झालं ते सांगू?" मी मुकाट्याने फोन करतो.

टाचण्या न लावता मिळालेलं पुस्तक एकच, ख्रिस्तीच्या विषांवरचं. कॅथरिन हारकप या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्यात चौदा विषं एकेक प्रकरण देऊन समजावली आहेत. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयातल्या औषध विभागात काम करायची, विषांची ओळख तिथली. मी हे कौतुकाने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःचा चहा स्वतः करू लागल्या.

मग एक दिवस बायकोनेच पियेर बायार या फ्रेंच प्राध्यापकाचं पुस्तक आणून दिलं. १९९८ सालचं. गृहस्थाचं म्हणणं असं, की अ‍ॅक्रॉइडच्या प्रकरणात ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्हने, पॉयरोने, चुकीचा माणूस पकडला, खरा खुनी निराळाच! मला इतका आनंद झाला की काय सांगू. पंगतीत नासलेली कादंबरी पुन्हा कोरी झाली. मी तडक आतेभावाला फोन लावला, "तू सांगितलास तो खुनी नाहीच आहे!" तो म्हणाला, "कोण? कुठला खून?" त्याच्या काही लक्षातच नव्हतं.

सध्या एक जुनी कादंबरी चालू आहे. माझा संशय नर्सवर आहे, पण बायकोला विचारायची सोय नाही; तिचा चेहरा मी वाचतो हे तिला कळल्यापासून कुठल्याही नावाला ती एकच उत्तर देते, "कोथिंबीर आणलीत का?" काल रात्री मात्र दिवा मालवायला आली, माझं पान पाहिलं, म्हणाली, "दोनशे बारा? अजून नर्सच का?" आणि हसली.

का हसली? पहाटे तीनपर्यंत जागलो. आता पहिल्या पानापासून पुन्हा वाचतोय. कोथिंबीर राहिलीच.