विष्ठा गोळा करणाऱ्यांनी बिबट्या का पकडला नाही?

गेला आठवडाभर कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीत तो तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: 'विद्यापीठांची वन्यजीव संशोधन केंद्रं म्हणजे जनतेच्या पैशावर सहली. पोरं रानात हिंडून बिबट्याची विष्ठा गोळा करतात, पकडत एकही नाहीत. उलट हेच लोक रात्री गाडीतून बिबटे आणून सोडतात. सगळे पकडून जंगलात सोडा, आठ दिवसांत प्रश्न मिटेल.'

एमएस्सीला असताना दोन वर्षं ती विष्ठा मीही गोळा केली आहे, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगते. पण माझं माहेर जुन्नर तालुक्यातल्या ओतूरजवळ आहे आणि आमचा मोत्या ओट्यावरून बिबट्यानेच नेला, हेही सांगते.

शेवटापासून सुरुवात करू, कारण मेसेजचा सगळा जोर तिथेच आहे. 'पकडून जंगलात सोडा.' अहो, हे करून झालंय, तेही आपल्याच जिल्ह्यात! २००१ मध्ये जुन्नर वनविभागात मोठी धरपकड सुरू झाली आणि पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहिमेच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले.

असं का व्हावं? बिबट्याची हद्द ठरलेली असते. कुठल्या वस्तीत रात्री कधी सामसूम होते, कुठे कुत्री मोकळी असतात, हे त्याला पाठ असतं. तो उचलला की रिकाम्या जागेत दुसरा शिरतो, बहुधा तरुण आणि नवखा. आणि ज्याला अनोळखी रानात सोडलं, तो तिथे थांबतोच असं नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हे आजोबा महामार्ग ओलांडत सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेले. पट्टा नसता तर कुणाला कळलं असतं?

आता विष्ठेकडे येऊ. हसण्याजोगं काम आहे, मान्य. ऊन तापायच्या आत बांधाबांधाने फिरायचं, सापडलेली विष्ठा पिशवीत भरून जागा आणि तारीख लिहायची. मग प्रयोगशाळेत चाळणीत धरून नळाखाली धुवायची. माती वाहून जाते आणि उरतात केस, नखं, हाडांचे तुकडे. केस काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आतल्या गाभ्याच्या नक्षीवरून प्राणी कळतो. माझ्या चाळणीत एकदा केसांबरोबर लाल नायलॉनच्या दोरीचा तुकडा निघाला, कुणाच्या तरी कुत्र्याच्या गळ्यातला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात असंच धुऊन-चाळून झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यापैकी ८७ टक्के भाग, वजनाच्या हिशेबाने, पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. गावात उकिरडे आणि मोकाट कुत्री असेपर्यंत बिबट्याचं ताट वाढलेलंच राहणार, हे यातून दिसतं. शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवा, हा सल्लाही उगाच कुणाच्या डोक्यातून आलेला नाही.

'जंगलातून येतात' हेही त्याच तालुक्यात तपासलं गेलं. शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे आणि दोन्ही कुशींवरचेही निराळे, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर. १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ ५ प्रौढ बिबटे निघाले, जिथे माणसं चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त आहेत आणि जंगल नावालाही नाही. ते उसात जन्मतात, उसातच वाढतात. त्यांना 'परत' पाठवायचं ते कुठे?

'हेच सोडतात' याला फार शब्द घालवत नाही. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याला पकडायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात आणि पकडायचं काम वनखात्याचं. विद्यापीठाच्या पोराने पिंजरा लावला तर तोच आत जाईल. मात्र या अफवेला एक मूळ आहे: गाडीतून बिबटे नेऊन सोडले गेले होतेच, त्या धरपकडीच्या मोहिमेत. म्हणजे मेसेज ज्याची तक्रार करतो, तोच उपाय म्हणून सुचवतो.

याचा अर्थ पिंजरे लावूच नयेत असा नाही. माणसांवर वारंवार हल्ला करणारा बिबट्या पकडायलाच हवा. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्यांच्यापुढे टक्केवारी मांडायची माझी हिंमत नाही. पण कोणता पकडायचा, हे ठरवायला तेच ठिपके आणि तीच विष्ठा लागते. घटनास्थळी मिळालेल्या लाळेच्या किंवा केसांच्या डीएनएवरून जनावर ओळखता येतं. नाहीतर पहिला अडकेल तो गुन्हेगार.

एक आरोप मेसेजमध्ये नाही, तो मीच करते. आम्ही जे शोधतो ते इंग्रजीत लिहितो. माझा प्रबंध वाचणारे परीक्षक दोन. ज्यांच्या बांधावरून मी पिशव्या भरल्या, त्यांच्या हातात मराठीत एक पानही दिलं नाही. बांधावरच्या एका आजींनी विचारलं होतं, "पोरी, वाघाचं एवढं नेतेस, मग आम्हाला काय कळतंय ते कधी सांगशील?" तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी म्हटलं, "येते की सांगायला." त्याला सहा वर्षं झाली.