दोन्ही मॅच सेव्हियाने जिंकल्या आणि कप आपण उचलला

आज सकाळी ग्रुपवर परत तेच. एमिरेट्स कपचा फोटो (आर्सेनल लंडनमधल्या आपल्या एमिरेट्स मैदानावर लीग सुरू होण्याआधी, म्हणजे प्री-सीझनला, भरवतं ती फ्रेंडली स्पर्धा), खाली आम्हा आर्सेनलवाल्यांना टोमणा "यांच्या कपाटात एवढंच", आणि त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. चेल्सीवाल्यांनी टाकलं असतं तर सोडून दिलं असतं, त्यांचं ते कामच आहे. पण खाली आपल्याच एका आर्सेनलवाल्याने लिहिलं, "बंदच करा ही नाटकं, फ्रेंडली ती फ्रेंडली." तिथे डोकं सटकलं. म्हणून हे एवढं लांबलचक. कंटाळा आला तर पुढे सरका.

2017 च्या जुलैत आमच्या शेजारचा पोरगा पाचवीत होता. त्या वर्षीच्या एमिरेट्स कपच्या, आपण आणि तीन पाहुणे संघ यांच्या, दोन दिवसांतल्या चारही मॅचचे स्कोअर त्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते. आर्सेनल 5, बेनफिका 2. सेव्हिया 1, लाइपझिग 0. लाइपझिग 2, बेनफिका 0. सेव्हिया 2, आर्सेनल 1. आणि कप उचलला आर्सेनलने. पोरगा वही घेऊन दारात उभा. "काका, दोन्ही मॅच सेव्हियाने जिंकल्या ना?"

जिंकल्या. तरी कप आपल्याला. कारण या स्पर्धेचा नियमच वेगळा होता. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1, आणि वर मारलेल्या प्रत्येक गोलला आणखी 1. सेव्हियाचे दोन विजयांचे 6 आणि तीन गोलांचे 3, झाले 9. आपला एक विजय 3, सहा गोलांचे 6, झाले 9. गोलफरक दोघांचाही अधिक दोन. मग जास्त गोल कोणाचे? आपले. दे कप. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांत असा निकाल लावून दाखवा, रात्री पंच घरी कसे पोहोचतात ते बघू.

पण नियम मूर्खपणाचा नव्हता, हे आधी सांगतो. प्री-सीझनच्या मॅचमध्ये साठाव्या मिनिटाला दोन्हीकडून सहा-सात बदली खेळाडू एकदम आत येतात आणि मॅच झोपते. कोणालाच धावायचं नसतं, कोच घड्याळ बघत असतो. प्रत्येक गोलला गुण ठेवला की 3-0 नंतरही स्ट्रायकरला चौथा हवा असतो, हरणाऱ्यालाही एखादा मारायचा असतो. चुकलं ते पुढचं. हिशोब करा: 1-0 ने जिंकलात तर 4 गुण, आणि 4-5 ने हरलात तरी 4 गुण! शिवाय यजमान दिवसाची दुसरी मॅच खेळणार, म्हणजे किती गोल हवेत ते आधीच माहीत. उपाय एका ओळीचा होता. गोलचा गुण ठेवा, पण गुण समान झाले तर आधी दोघांत झालेली मॅच कोणी जिंकली ते बघा. आणि त्या दोघांत मॅच झालीच नसती तर? झाली होतीच, सेव्हियाने जिंकली होती. पाचवीतल्या पोराला हे सुचलं, लंडनमधल्यांना नाही.

आता मुद्दा. ही स्पर्धा 2007 मध्ये सुरू झाली तेव्हा चार संघ, दोन दिवस, प्रत्येकाला दोन मॅच. पहिल्याच वर्षी पाहुणे कोण, तर इटलीचं इंटर, स्पेनचं व्हॅलेन्सिया, पॅरिसचं पीएसजी. 2019 पासून काय उरलंय? एक पाहुणा संघ, एक मॅच, एक कप. 2025 मध्ये तर कमालच. बुधवारी एमिरेट्सवर व्हियारिआल आले, आपण 2-3 ने हरलो, त्याला कप नाही. शनिवारी त्याच मैदानावर अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, आपण 3-0 ने जिंकलो, त्याला कप. अरे, बुधवारचे पाहुणे शनिवारपर्यंत थांबवून घेतले असते आणि चौथा संघ बोलावला असता तर पूर्ण स्पर्धा झाली असती की!

आणि हे मी जुन्या आठवणींपोटी म्हणत नाही. मिनिटांचा हिशोब आहे. खेळाडू जुलैच्या सुरुवातीला परततात. पहिल्या मॅचला 45 मिनिटं, मग 60, मग 75, आणि लीगच्या आधी एकदा तरी पूर्ण 90. संघात बावीस-चोवीस जण. एका मॅचमध्ये अकरा जणांना 65-70 मिनिटं देता येतात आणि उरलेल्यांना वीस-पंचवीस. त्या वीस मिनिटांत घाम येतो, पाय तयार होत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर बंद दाराआड कुठल्या तरी संघाबरोबर मॅच लावावी लागते. ना प्रेक्षक, ना दडपण. दोन दिवसांची स्पर्धा असली की शनिवारी एक अकरा, रविवारी दुसरे अकरा, सगळ्यांना 75 च्या वर, तेही भरलेल्या स्टेडियममध्ये. शनिवारी खेळलेले रविवारी सकाळी सायकल आणि पोहण्याच्या तलावात. दोन गोलकीपरांना एकेक पूर्ण मॅच. बाजूचा बॅक आणि त्याच्या पुढचा विंगर यांची जोडी नव्वद मिनिटं एकत्र राहते, मध्ये मोडत नाही. नाहीतर होतं काय, साठाव्या मिनिटाला दोन्ही सेंटर-बॅक एकदम बदलले जातात, नवी जोडी एकमेकांकडे बघत उभी, ऑफसाइडची रेघ कोणी धरायची ठरलेलं नाही, आणि पासष्टाव्याला गोल. मग रात्री आपण "डिफेन्स गंडलाय" म्हणून पोस्टी टाकायच्या.

मैदानाचं काय, असं कोणी तरी म्हणेलच. मान्य. मे महिन्याच्या शेवटी वरचा थर खरवडून नवीन बी टाकतात, ऑगस्टच्या सुरुवातीला गवत हिरवंगार दिसतं पण मुळं कोवळी असतात. त्यात दोन दिवसांत चार मॅच म्हणजे आठ वेळा संघांचं वॉर्म-अप, आणि सगळ्यात आधी उखडतो तो गोलसमोरचा पट्टा. 2016 मध्ये मैदानाच्या कामासाठी स्पर्धा झालीच नव्हती. पण यालाही मार्ग आहे, मैदानवाले रोज वापरतात: वॉर्म-अपला हलवता येणारे गोलपोस्ट बाजूला लावायचे, कीपरांना सहा यार्डांच्या पेटीत उभंच राहू द्यायचं नाही, आणि दोन मॅचच्या मध्ये काटे घेऊन माणसं आत पाठवायची, उखडलेले तुकडे दाबून बसवायला. कठीण आहे. अशक्य नाही.

पैशाचं म्हणाल तर तेही मान्य. मोठे क्लब आता अमेरिकेत नाहीतर आशियात जातात, दोन दिवस लंडनमध्ये फुकट का बसतील. पण सिंगापूरचं विमान तेरा तासांचं, वर उन्हाळ्यातला सात तासांचा फरक. शरीर दिवसाला साधारण एक तास या हिशोबाने जुळवून घेतं. म्हणजे आठवडाभर झोपेची बोंब, आणि परत आल्यावर पुन्हा तेच उलटं. असो. तो राग वेगळा आहे, वेगळ्या दिवशी काढू.

"स्कोअरला अर्थ नसतो" हे मात्र शंभर टक्के खरं. 2014 च्या याच कपात आपला स्ट्रायकर सानोगो याने बेनफिकाला एकट्याने चार गोल मारले. चार! आर्सेनलसाठी अधिकृत सामन्यात त्याचा एकही गोल नाही. तेव्हा 3-0 ला नाचू नका आणि 2-3 ला रडू नका. बघायचं असेल तर दुसरंच बघा. 2024 मध्ये ल्योंविरुद्ध आपले दोन्ही गोल कॉर्नरवर, राइसने टाकलेला चेंडू, एकदा सालिबाचं डोकं आणि एकदा गाब्रिएलचं. 2025 मध्ये बिल्बाओनंतर आठ दिवसांनी लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर 1-0, तो गोलही राइसच्याच कॉर्नरवर, कालाफिओरीचा. कोण कुणाला अडवतो, कोण कीपरच्या अंगाला चिकटून उभा राहतो, कोण मागे थांबतो, हे ऑगस्टच्या त्या "नाटकात" उघड दिसत होतं. कप बघत बसलात तर दिसणार कसं.

आणि 2011 विसरलात? आपला जुना हिरो आँरी न्यूयॉर्क रेड बुल्सचा कॅप्टन होऊन त्याच मैदानावर आला. 1-1 झालं, आदल्या दिवशी त्यांनी पीएसजीला हरवलं होतं, आणि कप अमेरिकेला गेला. यजमानांच्या घरातून पाहुण्यांनी कप नेला तरी सगळं स्टेडियम त्याच्यासाठी उभं. लीगच्या मॅचमध्ये हे कधी दिसेल का? 2013 ला चेल्सीच्या जुन्या द्रोग्बाने गालातासरायकडून दोन मारून कप नेला, तेव्हा मात्र कोणी उभं राहिलं नाही, आणि तेही बरोबरच.

लीगपेक्षा स्वस्त तिकीट असतं म्हणून ज्या पोरांना वर्षभर आत जाता येत नाही ती त्या एका दिवशी बापाच्या खांद्यावर बसून येतात. पूर्वी एका तिकिटात दोन मॅच बघायची, पाहुण्या संघांचे झेंडे, गाणी, सगळं. तेही अर्ध्यावर आणलं.

तो शेजारचा पोरगा आता कॉलेजात आहे. मघाशी त्याला ग्रुपवरचा फोटो पाठवला. त्याने काही लिहिलं नाही, वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. आईने रद्दीत जाऊ दिली नव्हती म्हणे. 6+3, 3+6, आणि खाली लाल पेनाने "सेव्हियाला द्या". तो फोटो मी तसाच ग्रुपवर टाकलाय. त्यावरही तिघांनी हसणारा इमोजी दिलाय. त्या तिघांनी आधी बेरीज तपासावी, मग माझ्याशी बोलावं.