एका खिशात चिल्लर, दुसऱ्यात कचरा

टोकियोतली असाकुसा ही सेन्सोजी या बौद्ध देवळाभोवतीची जुनी वस्ती एका दिवसात बघून होते, असं सगळेच सांगतात. खरंच होते. फक्त त्या दिवसाच्या शेवटी आपल्या एका खिशात भाजीवालीच्या गल्ल्याइतकी चिल्लर आणि दुसऱ्या खिशात काड्या, कागद आणि चिकट पिशव्या असतात, हे सांगायला सगळेच विसरतात.

पहिली गंमत नावापासून. लिहिताना असाकुसा, पण बोलताना त्यातला ‘उ’ जपानी माणूस गिळून टाकतो आणि उरतं ‘असाक्सा’. याच शहरात अकासाका नावाचा भागही आहे. दोन्ही गिन्झा लाइन या भुयारी रेल्वेमार्गावरच. अकासाका-मित्सुके स्टेशनचा क्रमांक जी-०५, असाकुसाचा जी-१९. म्हणजे उच्चारात जीभ जराशी घसरली, की माणूस चौदा स्टेशनं अलीकडे उतरतो आणि सरकारी कचेऱ्यांच्या आसपास देऊळ शोधत बसतो. म्हणून माझा सल्ला: नाव विसरा, आकडा धरा. जी-१९ हे शेवटचंच स्टेशन आहे, गाडी पुढे जातच नाही, त्यामुळे झोप लागली तरी चालते. १९२७ साली आशियातली पहिली भुयारी रेल्वे धावली ती याच असाकुसा ते उएनो टप्प्यावर. तिथले काही कमी उंचीचे जिने चढताना ते वय जाणवतं.

आता ‘असाकुसा स्टेशनवर भेटू’ असं कुणाला सांगू नका. या नावाची चार स्टेशनं आहेत. तीन नदीच्या बाजूला एकमेकांच्या शेजारी, आणि त्सुकुबा एक्सप्रेसचं चौथं पश्चिमेला सुमारे सहाशे मीटर लांब. दादरला ‘ब्रिजवर भेटू’ म्हणण्यातलाच प्रकार. गिन्झा लाइनचा एक नंबरचा दरवाजा धरायचा. वर आलं की दोन-तीन मिनिटांत कामिनारीमोन, म्हणजे देवळाचं मेघगर्जनेचं दार.

दारात लटकलेला लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलो वजनाचा. मूळ दार १८६५ च्या आगीत जळालं आणि पुढची पंच्याण्णव वर्षं तिथे दारच नव्हतं. १९६० साली उद्योगपती मात्सुशिता कोनोसुके यांच्या देणगीतून आजचं दार उभं राहिलं. सगळे समोरून फोटो काढतात. तुम्ही कंदिलाच्या बरोबर खाली जा आणि मान वर करा: बुडाच्या लाकडात ड्रॅगन कोरलेला दिसतो. मात्र मान वर करून उभं राहायला दहा सेकंदच मिळतात, कारण मागून शाळेची सहल येत असते.

दारासमोर रिक्षावाले उभे असतात. रिक्षा हा आपण मराठीच समजून वापरतो तो शब्द मुळात जपानी: जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माथेरानची हातरिक्षा बघितलेल्यांना फार नवल वाटणार नाही. इथला रिक्षावाला मात्र गाडी ओढता ओढता इतिहास सांगतो आणि कुठे यायला नाही म्हणत नाही. भाडं मिनिटांवर आणि माणसांवर ठरतं, ते बसायच्या आधी नक्की करा.

आत नाकामिसे, सुमारे अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली. इथे दोन्ही खिसे भरायला सुरुवात होते. निंग्योयाकी, म्हणजे आत गोड लाल चवळीचं पुरण भरलेला छोटा केक, त्यात अंडं असतं. सेनबेई, म्हणजे तांदळाची कुरकुरीत पापडी, शाकाहारी दिसते, पण वरच्या सोया रसात माशाचा अर्क नाही ना हे विचारायला लागतं. अडचण मांसाची नसतेच, ती दाशीची असते. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचा आणि समुद्री शेवाळाचा काढा; सूप, नूडल्सचा रस, टेंपुरा या जपानी भज्यांबरोबरची पातळ चटणी सगळीकडे तो असतो आणि ‘मीट नाही’ असं हसून सांगणाऱ्या माणसाच्या मते तो मासा नव्हेच. पक्क्या शाकाहाऱ्याने इमो-योकान घ्यावं: रताळं, साखर, किंचित मीठ. उपासालाही चालेल.

खाताना चालायचं नाही. दुकानासमोर उभं राहून संपवायचं. चांगली पद्धत आहे, पण संपल्यावर हातात उरलेल्या काडीचं काय? कचऱ्याचा डबा कुठेच नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांवरचे डबे हटवले गेले आणि नंतर फार थोडे परत आले. पेयांच्या यंत्राशेजारी डबा दिसतो, पण त्याला फक्त बाटलीच्या आकाराचं गोल भोक असतं. त्यात काडी घालणाऱ्याकडे आजूबाजूचे आजोबा शांतपणे बघतात, आणि ते फार वाईट असतं. उपाय एकच: ज्या दुकानातून घेतलं तिथेच काडी परत द्या, ते घेतात. दहा पावलं पुढे गेलात की ती काडी तुमची, घरापर्यंत. घरून एक पिशवी आणि एक हातरुमाल न्यावा. पिशवीचं कारण कळलंच. रुमाल एवढ्यासाठी, की बऱ्याच स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं.

चिल्लरीचं गणित जरा सविस्तर सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. खाण्याच्या वस्तू बांधून नेल्या तर कर ८ टक्के, दुकानात बसून खाल्ल्या तर १०. करापूर्वी दीडशे येनची ओनिगिरी (भाताचा मुटका) बांधून घेतली तर १६२ येन. दोनशे दिले की ३८ परत: दहाची तीन, पाचचं एक, एकची तीन, मिळून सात नाणी. तीच बसून खाल्ली तर १६५, परत ३५, म्हणजे चारच नाणी. तीन येन जास्त भरून तीन नाण्यांचं ओझं वाचतं, आणि वेष्टणही दुकानातच राहतं. एवढा स्वस्त आराम जपानात दुसरा नाही. पाच येनचं नाणं ओळखायचं ते भोकावरून आणि पितळी रंगावरून, कारण त्यावर ओळखीचा आकडाच नाही, किंमत फक्त चिनी अक्षरात. एक येनचं नाणं अ‍ॅल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅम. ते हरवत मात्र कधीच नाही.

पाचची नाणी सेन्सोजीच्या दानपेटीत टाकायची. ‘गो-एन’ म्हणजे पाच येन, आणि तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द म्हणजे ऋणानुबंध. कथा अशी, की ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची मूर्ती आली. ती मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. मुख्य सभागृह १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. आजचं १९५८ चं आहे. इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. टाळ्या शेजारच्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. तिथे देव म्हणून बसलेत ते हेच दोघे कोळी आणि मूर्ती ओळखणारा गावचा प्रमुख.

मग ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी. शंभर येन टाकायचे, धातूची नळी हलवायची, छोट्या भोकातून एक काडी बाहेर येते. तिच्यावरचा आकडा चिनी अक्षरांत: सात, दहा, आठ. म्हणजे अठ्ठ्याहत्तर. बालभारतीने ‘सत्तर आठ’ आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. इथे तो हिशेब देवाच्या दारात चालतो. त्या आकड्याचा खण उघडून कागद घ्यायचा आणि काडी नळीत परत टाकायची. (ही एकच काडी, जी खिशात जात नाही.) इथल्या शंभरातले तीस कागद अशुभ असतात आणि देऊळ ते कमी करायला तयार नाही. अशुभ निघालं तर कागद शेजारच्या तारेवर बांधून मोकळं व्हायचं. अख्ख्या असाकुसात कागद सोडून जायची ही एवढीच अधिकृत जागा.

पाय शिल्लक असतील तर नदीकडेने उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला जा. टेकाडावरचं हे छोटं देऊळ गणपतीचं आहे. जपानी नाव कांगितेन. मूर्ती इथेही झाकलेली. मोदक नाही, नैवेद्य मुळ्याचा. पायऱ्यांवर, भिंतींवर, दिव्यांवर जिकडेतिकडे दोनच चिन्हं: एकमेकांना बिलगलेले दोन मुळे, आणि पैशांची थैली. सात जानेवारीला तर मुळ्याचा उत्सवच असतो. देवळातूनच मुळा विकत घ्यायचा आणि देवापुढे ठेवायचा. थैलीच्या चिन्हाखाली उरलेली चिल्लर एकदाची कामी येते.

एवढ्यावर सुटका होते असं वाटतं. पण वाहून झालेले मुळे भक्तांनी प्रसाद म्हणून न्यावेत, अशी इथली रीत आहे. प्रसादाला नाही कसं म्हणणार? कोशिंबिरीला लागणारं दही आणि फोडणी हॉटेलच्या खोलीत नसते, आणि हातभर मुळा पाठीवरच्या पिशवीत मावतही नाही. त्यामुळे जी-१९ वरून निघालेल्या गाडीत आपण एका खिशात काड्या आणि मांडीवर मुळा घेऊन बसतो. समोरचे सगळे डोळे मिटून बसलेले असतात. आणि मुळ्याला, देवाची कृपा, वेष्टण नसतं.