जिप्समला घाई असते

आमच्या हॉलच्या भिंतीवर टिचकी मारली की मडक्यासारखा आवाज यायचा. सिमेंटचा जुना गिलावा विटांपासून कधीच सुटला होता, केवळ सवयीने उभा होता. एक दिवस त्याचा पोपडा थेट व्याह्यांच्या चहात पडला आणि मिस्त्रीला बोलवावं लागलं.

"साहेब, आता सिमेंट नको. जिप्सम मारू," मिस्त्री म्हणाला. "पाणी मारायचं काम नाही, पुट्टी भरायची गरज नाही. वाळलं की प्रायमर आणि रंग. फक्त बाथरूम आणि बाहेरची भिंत मागू नका. पाण्याशी त्याचं जमत नाही."

मला हे इतकं आवडलं की मी रात्री बसून अभ्यासच केला. जिप्सम म्हणजे खनिज दगड, आपल्याकडे मुख्यतः राजस्थानात सापडतो. तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. भुकटीत पुन्हा पाणी घातलं की तिचा पुन्हा दगड. सिमेंटसारखी आकसत नाही, म्हणून केसासारख्या चिरा फारशा पडत नाहीत. वजनाला हलकी. बारा-तेरा मिलिमीटरचा थर पुरतो आणि पाट्याने ओढला की आरशासारखा गुळगुळीत. हे सगळं मी घरच्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून अण्णा आले. अण्णा म्हणजे आमचे सासरे. त्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा सात दिवस सकाळ-संध्याकाळ नळीने भिंती न्हाऊ घातल्या होत्या आणि आठव्या दिवशी सत्यनारायण केला होता. पाणी न मारता भिंत पक्की होते हे त्यांच्या पचनी पडेना.

"राजस्थानात पाण्याची टंचाई," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून त्यांनी हे काढलंय. आपल्याला काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सपसप आवाजाने मला जाग आली. बाहेर येऊन बघतो तर अण्णा धोतर खोचून, बादली आणि तांब्या घेऊन नव्या भिंतीला अभिषेक करत होते. खिडकीखालचा हातभर भाग मऊ पडून ओघळला होता.

मी कळवळून म्हणालो, "अण्णा, ह्याला वरून पाणी लागत नाही. मुळात त्याच्या वजनाच्या एक पंचमांश पाणी स्फटिकातच असतं. आग लागली तर ते वाफ होऊन भिंतीला तापू देत नाही, एवढं!"

"आतच एवढं पाणी आहे ना?" अण्णा म्हणाले. "मग माझ्या चार तांब्यांनी काय बिघडतंय?"

याला उत्तर नव्हतं. मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला होता, आणि रात्रभर अभ्यास केलेला माणूस घरात हजर होता. तेवढा पॅच मीच मारायचं ठरवलं. घमेल्यात आधी पाणी, मग त्यात भुकटी, उलट नाही. लोणी होईपर्यंत घोटली. थापी उचलली, तेवढ्यात बायको म्हणाली, "थांबा! भिंत उघडीच आहे तर स्विचबोर्ड जरा डावीकडे घ्यायचा का?"

जिप्समला घट्ट व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आमच्या घरात पडद्याचा रंग ठरायला दोन दिवाळ्या गेल्या आहेत. मुलीचं म्हणणं चार्जिंग पॉइंट सोफ्याजवळ हवा. अण्णांचं म्हणणं भिंतीत वायर घालूच नये. माझं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून ते मी दोनदा मांडलं. मधे चहा झाला. शेवटी बोर्ड आहे तिथेच राहावा यावर एकमत झालं आणि मी घमेल्याकडे वळलो.

घमेलं बाहेरून कोमट लागत होतं, ताप आल्यासारखं. थापी मधोमध ताठ उभी. ती ओढली, तर घमेलंच वर आलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. भिंतीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, मग बोटाने घमेल्यातल्या गोळ्यावर टिचकी मारली. खणखणीत आवाज आला.

"हे मात्र एक नंबर बसलंय साहेब," तो म्हणाला. "ह्याला पाणी मारलं नाही ना कोणी?"