‘झाडं लावा, ओढे वाहतील’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘लागवड हेच खरं जंगल’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात चार दावे आहेत. झाड कुठलंही असो, लावलं की ओढ्याचं पाणी वाढतं. तरुण झाडं जास्त कार्बन शोषतात, म्हणून जुनी तोडून नवी लावावीत. लाकूड हवं तर एकाच जातीची लागवड करावी. आणि एक तोडून दहा लावली की हिशेब फिटला. इतके दिवस मी वाचून सोडून देत होते. काल आत्तेभावाने तोच पाठवून विचारलं, “ओढ्याच्या काठापर्यंत निलगिरीच लावू ना? पाणीही वाढेल म्हणे.” आता उत्तर देणं भाग आहे.

पाण्याचं आधी, कारण चुकलं तर याचा फटका खालच्या अंगाला राहणाऱ्यांनाही बसतो. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. निलगिरी झपाट्याने वाढते, बारा महिने हिरवी असते, तिची मुळं खोल जातात; त्यामुळे कोरड्या दिवसांतही तिचा उपसा चालूच राहतो. शिवाय पावसाचा काही भाग पानांवरच अडतो आणि तिथूनच उडून जातो. गवताळ जमिनीवर हे दोन्ही खर्च कमी असतात. रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात जगभरातल्या पाणलोटांच्या नोंदी एकत्र करून मांडल्या. गवताळ, झुडपी किंवा शेतजमिनीवर जिथे लागवड झाली, तिथे ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला. १३ टक्के ओढे तर किमान एक वर्ष पूर्ण आटले. निम्मं पाणी गेलं, आणि हा मेसेज सांगतोय पाणी वाढतं! दक्षिण आफ्रिकेने १९९८च्या जलकायद्यात व्यापारी वनलागवडीला प्रवाह घटवणारं काम ठरवलं, ते उगाच नाही.

यात खरं आहे ते इतकंच: गुरांनी तुडवून दगडासारख्या घट्ट झालेल्या उजाड जमिनीवर झाडं आली की माती भुसभुशीत होते आणि पाणी जास्त मुरतं. पण मुरलेल्यापेक्षा उपसा जास्त झाला तर ओढ्याला काय उरणार? म्हणून भावाला स्पष्ट सांगितलं, काठाचा पट्टा मूळच्या झाडाझुडपांना सोड, लाकडाची झाडं वर, लांब अंतरावर लाव.

मेसेजमध्ये फोटो आहे तो सागाच्या रांगांचा, खाली झाडून काढल्यासारखी जमीन. त्याला ‘स्वच्छ जंगल’ म्हटलंय. सागाच्या रुंद पानावर पाणी साचून जाड थेंब होतो आणि उंचावरून आदळतो. खाली पालापाचोळा आणि झुडपं असली तर तो मार तिथेच जिरतो. ती काढली किंवा जाळली की माती उडते. बुंध्यांवर चिखलाचे शिंतोडे आणि उघडी पडलेली मुळं दिसली, तर तिथे जमीन वाहून चालली आहे हे समजावं.

कार्बनबद्दल फार लिहीत नाही. नवी लागवड भराभर वाढते, हे मान्य. पण जुन्या झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन तोडणीबरोबर सुटू लागतो, आणि नव्या लाकडाचा लगदा करून कागद बनवला तर तोही बहुतेक थोड्या वर्षांत हवेत परततो. इमारतीच्या तुळईत गेलं तर गोष्ट वेगळी. त्यासाठी तोड उशिरा आणि मधे वेळेवर विरळणी करावी लागते.

एकाच जातीचा आग्रहही तपासून पाहावा. चीनमधल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली ‘सायन्स’मध्येच आले. आठ वर्षांत १६ जातींच्या मिश्र लागवडीत एकजातीच्या सरासरी लागवडीपेक्षा दुपटीहून जास्त कार्बन साठला. दोन व्यापारी जातींनी एकेकट्याने जवळपास तेवढाच साठवला, हेही सांगायला हवं. म्हणजे मिश्रण केलं की वाढ बुडते, ही भीती तरी तिथे खरी ठरली नाही. आणि एखादी कीड किंवा रोग आला तर सगळी झाडं एकदम जात नाहीत.

राहिला ‘एकाला दहा’चा हिशेब. लागवडीतून लाकूड मिळालं तर नैसर्गिक जंगलावरचा ताण हलका होऊ शकतो, म्हणून लागवडीला माझा विरोध नाही. पण जुन्या झाडाच्या ढोलीत घुबडं, पोपट, वटवाघळं राहतात आणि ढोली तयार व्हायला अनेक दशकं लागतात. लागवडीचं झाड त्या वयाला पोचण्याआधीच तोडलं जातं. लागवडीत ढोली हवी असेल तर काही जुनी झाडं आणि वाळकी खोडं तोडणीतून कायमची वगळावी लागतील, आणि तेवढं लाकूड कमी मिळेल हे आधीच धरून चालावं लागेल.